एप्रिलचे रक्त जूनपर्यंत टिकत नाही

रक्ताला जात नसते, हे आपण दर १४ एप्रिलला शिबिराच्या फलकावर लिहितो. ते खरेच आहे, आणि जगाला ते पटायला वेळ लागला. रक्तद्रव साठवण्याच्या कामात ज्यांचे नाव अग्रभागी घेतले जाते ते डॉ. चार्ल्स ड्रू अमेरिकेतले कृष्णवर्णीय शल्यविशारद होते. तरी दुसऱ्या महायुद्धात त्यांच्याच देशात काळ्या माणसाचे रक्त वेगळे ठेवले जाई. तिथल्या रेडक्रॉसने हा भेद १९५० मध्ये थांबवला. म्हणून विहाराच्या मंडपात आपली मुले-मुली रक्त द्यायला रांग लावतात तेव्हा अभिमान वाटतो. पण रक्ताला गट असतो आणि वयही असते. चुकीच्या माणसाला गेले तर तेच रक्त जीव घेते. याविषयी आपल्या वस्त्यांत फारसे बोलले जात नाही.

मी कल्याण पूर्वेला राहते. परिचारिका म्हणून तीस वर्षे वॉर्डात काढली. आपण रक्त देतो, प्रमाणपत्र घेतो आणि काम झाले असे समजतो. माझे म्हणणे असे, की जे रक्त दिले ते रुग्णाच्या नसेत सुखरूप पोहोचेपर्यंत आपली जबाबदारी संपत नाही.

आधी रक्ताच्या वयाचे बघू. दिलेल्या रक्तातून लाल पेशी, प्लेटलेट आणि प्लाझ्मा वेगळे काढतात. गोठवलेला प्लाझ्मा वर्षभर टिकतो. लाल पेशी ३५ दिवस टिकतात, पिशवीत खास द्रावण असेल तर ४२ दिवस. प्लेटलेट जेमतेम ५ दिवस. आता हिशेब करा. १४ एप्रिलच्या प्लेटलेट १९ एप्रिलला संपल्या. लाल पेशी १९ मेला, फार तर २६ मेला संपल्या. त्याच मे महिन्यात कॉलेजे बंद असतात, माणसे गावी जातात आणि शिबिरे होत नाहीत. पुढे पावसाळ्यात डेंग्यू-मलेरियाचे रुग्ण वाढतात, तेव्हा आपल्या एप्रिलच्या रक्तातले वापरण्याजोगे फारसे काही उरलेले नसते.

यावर उपाय आपल्याच दिनदर्शिकेत आहे. ठाणे, कळवा, डोंबिवली, कल्याण, उल्हासनगर, अंबरनाथ इथल्या विहार समित्यांनी एकदा एकत्र बसावे आणि तारखा वाटून घ्याव्यात. काहींनी १४ एप्रिल घ्यावा, काहींनी बुद्धपौर्णिमेनंतरचा रविवार. काहींनी आषाढ पौर्णिमा, म्हणजे वर्षावासाची सुरुवात, आणि उरलेल्यांनी धम्मचक्र प्रवर्तन दिन व ६ डिसेंबर. पुरुषाला तीन महिन्यांनी आणि स्त्रीला चार महिन्यांनी पुन्हा रक्त देता येते. एका दिवशी पाचशे बाटल्यांचा विक्रम करण्यापेक्षा वर्षभर दर महिन्याला चाळीस बाटल्या देणे जास्त उपयोगी आहे. शिबिर ठरवण्याआधी रक्तपेढीला विचारावे, ‘तुम्हाला कधी आणि किती लागेल?’

दुसरी गोष्ट भेटवस्तूंची. आपल्या भागात शिबिराला बॅग, हेल्मेट, कुकर देण्याची चढाओढ लागलेली असते. रक्त विकण्याची प्रथा सर्वोच्च न्यायालयाच्या १९९६ च्या निकालाने मोडली आणि १९९८ पासून व्यावसायिक रक्तदाते बंद झाले. मोठ्या भेटवस्तूचे आमिष दाखवून तीच सवय आपण मागच्या दाराने आत आणतो. कुकर हवा असलेला माणूस फॉर्मवर खरे लिहीत नाही. कावीळ झाली होती का, टॅटू काढला का, असुरक्षित संबंध आला का, या सगळ्यांपुढे तो ‘नाही’ लिहितो. रक्ताची तपासणी पाच आजारांसाठी होते : एचआयव्ही, हिपॅटायटिस बी, हिपॅटायटिस सी, मलेरिया आणि गुप्तरोग सिफिलिस. पण नुकतीच लागण झालेली असेल तर काही दिवस ती नेहमीच्या चाचणीत दिसत नाही. ‘नॅट’ ही चाचणी हा काळ कमी करते, पूर्ण मिटवत नाही, आणि ती प्रत्येक रक्तपेढीत होतेच असे नाही. म्हणून दात्याने खरे बोलणे ही पहिली चाचणी आहे.

खोटे बोलण्याची किंमत कोण मोजते? मे २०२२ मध्ये नागपुरात थॅलेसेमियाच्या चार मुलांना एचआयव्हीची लागण झाल्याचे उघड झाले. त्यातले एक मूल दगावले. या मुलांना जगण्यासाठी पुन्हा पुन्हा रक्त घ्यावे लागते. उल्हासनगरच्या सिंधी बांधवांच्या घरी असा आजार आहे, तसा आपल्या घरी सिकलसेल आहे. विदर्भातून नोकरीसाठी या पट्ट्यात आलेल्या आपल्या कुटुंबांनी हे विसरू नये. लग्नाआधी मुलामुलीची सिकलसेल तपासणी करून घ्यावी. मुलाला आधी किती वेळा रक्त दिले, काही त्रास झाला का, हे लिहिलेले कार्ड जवळ ठेवावे. वारंवार रक्त घेणाऱ्याच्या शरीरात प्रतिपिंडे तयार होतात, मग नुसता गट जुळून भागत नाही.

आता खाटेजवळची गोष्ट. माझ्या नोकरीच्या काळात एका वॉर्डात शेजारशेजारच्या खाटांवर दोन बाळंतिणी होत्या, दोघींचे आडनाव कांबळे. मी रक्ताची पिशवी घेऊन गेले, आडनाव वाचले आणि लावायला घेतली. एकीची सासू म्हणाली, “सिस्टर, पिशवीवर ‘बी’ लिहिलंय. आमच्या सुनेचं कार्ड तर ‘ओ’ आहे.” माझे हात थंड पडले. जे मी तपासायला हवे होते ते त्या माउलीने तपासले. ‘ओ’ गटाच्या बाईला ‘बी’ रक्त गेले असते तर काय झाले असते, हे आजही आठवले की झोप लागत नाही.

म्हणून नातेवाइकांनी न लाजता विचारावे. रुग्णाचे पूर्ण नाव आणि नोंदणी क्रमांक पिशवीच्या चिठ्ठीशी जुळतो का? गट आणि मुदतीची तारीख दोघांनी वाचली का? रक्त सुरू झाल्यावर पहिली पंधरा मिनिटे कोणीतरी रुग्णाजवळ थांबावे. थंडी वाजणे, कंबर दुखणे, धाप लागणे, अंगावर पित्त उठणे, लघवी लाल होणे, यांतले काहीही दिसले तर लगेच सिस्टरला हाक मारा. रक्त ताबडतोब थांबवले पाहिजे, आणि ती पिशवी फेकून न देता रक्तपेढीला परत गेली पाहिजे. एक पिशवी चार तासांच्या आत संपली पाहिजे. दुसऱ्या रक्तपेढीतून रक्त आणायचे असेल तर थंड पेटीतूनच आणा. मेच्या उन्हात प्लास्टिकच्या पिशवीत घालून रिक्षाने, लोकलने आणू नका. गार आहे म्हणून पिशवी गरम पाण्यात धरू नका.

‘आपल्या माणसाचेच रक्त सुरक्षित’ हाही गैरसमज आहे. सख्ख्या नातेवाइकाच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी क्वचित रुग्णाच्याच शरीरावर उलटतात, आणि ते जिवावर बेतते. बाळंतपणाच्या वयातल्या पत्नीला पतीचे रक्त शक्यतो देऊ नये. अशक्तपणा आला म्हणून ‘एक बाटली लावा’ असा हट्टही धरू नये. गोळ्यांनी भरून निघणारे रक्त बाटलीने भरायचे नसते.

आपल्या कितीतरी मुली परिचारिका आहेत, मुले प्रयोगशाळेत तंत्रज्ञ आहेत. त्यांना माझे सांगणे आहे, की शिक्षण नोकरी लागल्यावर संपत नाही. रक्त दिल्यावर रुग्णाला त्रास झाला तर त्याची नोंद ठेवणारा राष्ट्रीय कार्यक्रम २०१२ पासून देशात सुरू आहे. तुमच्या रुग्णालयातून अशी नोंद जाते का, हे विचारा. चूक लपवली तर ती दुसऱ्या खाटेवर पुन्हा घडते. मी त्या दिवशीची माझी चूक वरिष्ठांना सांगितली. त्यानंतर त्या वॉर्डात एकाच आडनावाच्या रुग्णांच्या खाटा लांब ठेवू लागले आणि पिशवी दोघींनी मोठ्याने वाचल्याशिवाय लावायची नाही, असा नियम झाला.

येत्या जयंतीच्या बैठकीत मंडप आणि भोजनदानाचा विषय झाला, की आणखी एक विषय घ्या : आपले पुढचे रक्तदान शिबिर जुलैत कोण घेणार?