कल्हई ते ‘कवच’: तांब्यावरील लेपाची मुदत

(१) पूर्णा जंक्शनवरून जाणारा मनमाड–मुदखेड लोहमार्ग दक्षिण मध्य रेल्वेच्या ‘कवच’ यंत्रणेखाली आला आहे. चालकाकडून लाल सिग्नल ओलांडला जाण्याचा धोका दिसताच ही यंत्रणा आपोआप ब्रेक लावते. मात्र अशा प्रत्येक इलेक्ट्रॉनिक यंत्रणेच्या पोटात आणखी एक कवच असते. त्याची चर्चा क्वचितच होते.

(२) हे कवच सर्किट बोर्डावरील तांब्याच्या ठिपक्यांवर असते. याच ठिपक्यांना सुट्या भागांचे पाय डाख देऊन जोडतात. उघडे तांबे हवेत काळवंडते आणि काळवंडलेल्या तांब्यावर डाख धरत नाही. म्हणून बोर्ड तयार झाल्यापासून जोडणी होईपर्यंत तांबे एका पातळ लेपाखाली झाकून ठेवावे लागते.

(३) मराठी घरांना हा प्रश्न नवा नाही. कल्हईवाला भात्याने भट्टी फुलवी, तापल्या भांड्यात नवसागर टाकी, कथील लावी आणि बोळ्याने ते सर्वत्र फिरवी. ‘कल्हई’ हा शब्दही कथलाच्या अरबी नावावरून आला आहे.

(४) दोन्हींचा हेतू उलट आहे. ताक-आमटी कळकू नये म्हणून कल्हई अन्नाला तांब्यापासून वाचवते; बोर्डावरील लेप तांब्याला हवेपासून वाचवतो. रसायन मात्र एकच. तापलेल्या नवसागराची आम्लयुक्त वाफ तांब्यावरील ऑक्साइड काढते. बोर्डावर हेच काम फ्लक्स करतो. त्यानंतर कथील तांब्यावर नुसते पसरत नाही, त्याच्याशी मिश्रधातू बनवून जोडले जाते.

(५) आज लेपांचे अनेक प्रकार आहेत. बोर्ड वितळलेल्या डाखात बुडवून जादा डाख गरम हवेने उडवणे, ही कल्हईचीच यांत्रिक आवृत्ती होय. सेंद्रिय लेप अर्ध्या मायक्रॉनहूनही पातळ असतो. तिसऱ्या प्रकारात ३ ते ६ मायक्रॉन निकेलवर साधारण ०.०५ ते ०.१ मायक्रॉन सोने चढवतात. हे सोने शोभेचे नसते. निकेल गंजू नये एवढेच त्याचे काम.

(६) प्रत्येक लेपाला मुदत असते. सेंद्रिय लेप दमट हवेने, बोटांच्या स्पर्शाने आणि वारंवार तापवल्याने क्षीण होतो. रासायनिक कथलाचा लेप खोक्यात पडून असतानाही आतून तांब्यात मुरत जातो. निकेल-सोने दीर्घकाळ टिकते, पण महाग पडते.

(७) शिशाची कथाही दोन्हीकडे समान आहे. शिसे मिसळलेली कल्हई म्हणजे अन्नात विष. ६३ भाग कथील आणि ३७ भाग शिसे यांचा डाख १८३ अंशांवर वितळतो, म्हणून कारखान्यांना तो प्रिय होता. युरोपने १ जुलै २००६ पासून आणि भारताने मे २०१४ पासून अनेक उपकरणांतील शिशावर मर्यादा घातली. त्यानंतर दुसरी अडचण ठळक झाली: शुद्ध कथलातून केसांसारखे तंतू उगवतात आणि शेजारच्या जोडांत शॉर्ट घडवू शकतात.

(८) म्हणूनच लेपाची निवड केवळ दरपत्रक पाहून करणे अनुचित आहे. बोर्ड जोडणीपूर्वी किती महिने पडून राहणार आणि कोणत्या हवेत, हा पहिला प्रश्न असावा. मराठवाड्यात उन्हाळा चाळिशी ओलांडतो आणि पाठोपाठ पावसाळी दमटपणा येतो. मुदत उलटलेल्या लेपावरचा जोड वरून निर्दोष दिसू शकतो, परंतु इंजिनाच्या सततच्या हादऱ्यांत तोच प्रथम तडकतो. सुरक्षेच्या यंत्रणेत ही काटकसर परवडणारी नाही.

(९) भांड्यात तांब्याची लाली दिसू लागताच गृहिणी कल्हईवाल्याला हाक मारी. जोडणी झालेल्या बोर्डात अशी लाली कोणालाच दिसत नाही. म्हणून कोऱ्या बोर्डांच्या प्रत्येक गठ्ठ्यावर लेपाचा प्रकार आणि तारीख ठळकपणे नोंदलेली असावी, व जुना गठ्ठा आधी तपासूनच वापरावा.

(१०) आयटीआय आणि तंत्रनिकेतनांतील फ्लक्सचा धडा नवसागरापासून सुरू व्हायला हवा. आजी जे पाहत आली, तेच नातू नव्या नावाने शिकत आहे, हे त्याला उमगले तर लेपाची मुदत पाठ करावी लागणार नाही. कल्हई कायमची नसते, हे ज्ञान त्याच्या घरात पूर्वीपासूनच आहे.