पाण्यावर थंड होणारा संगणक सुरू होत नाही?

हल्ली नगर, संगमनेर, श्रीरामपूरकडची मुलंमुलीही सुटे भाग आणून स्वतः संगणक जोडतात. व्हिडिओ एडिटिंग, थ्रीडी डिझाइन, कोडिंग शिकायचं असतं. ईदीचे साठवलेले पैसे, अम्मीची भिशी, अब्बांनी घातलेली भर, असं सगळं त्यात गेलेलं असतं. सारे जमतात, बटण दाबलं जातं आणि पडदा काळाच राहतो. मग घरात एकच सूर निघतो : "विजेच्या वस्तूत पाणी घातलंस, दुसरं काय होणार!"

पण बहुतेक वेळा दोष पाण्याचा नसतो. ट्रॅक्टरच्या रेडिएटरसारखीच ही व्यवस्था आहे. पंप द्रव फिरवतो, तो प्रोसेसरची उष्णता घेतो आणि पंख्यापुढच्या जाळीत सोडतो. पुण्याच्या आयसर संस्थेतील 'परम ब्रह्म' हा महासंगणकही द्रवानेच थंड ठेवला जातो. म्हणून घाबरू नका, रागावू नका, क्रमाने शोधा.

आधी थोडं थांबा. डीडीआर-५ रॅम असेल तर पहिल्यांदा सुरू होताना ती जुळवून घ्यायला काही मिनिटं लागू शकतात. पंखे फिरतात, पडदा काळा असतो. तेवढ्यात वीज तोडू नका.

काहीच हललं नाही तर भिंतीवरचं बटण आणि पॉवर सप्लायच्या मागचं छोटं बटण पाहा. मग प्लग काढून बोर्डावर येणाऱ्या दोन केबल तपासा : २४ पिनांची मोठी आणि प्रोसेसरजवळची ८ पिनांची. ही दुसरी हमखास विसरली जाते. केसचं बटण ज्या बारीक पिनांना जोडतात, त्यांची जागाही बोर्डाच्या पुस्तिकेत पडताळा.

पंखे फिरतात पण चित्र नाही? मॉनिटरची केबल ग्राफिक्स कार्डाला लावली आहे ना, की बोर्डाला? रॅम काढून 'टक्' आवाज येईपर्यंत पुन्हा बसवा. एकच रॅम ठेवून पाहा. चार खाचांच्या बहुतेक बोर्डांवर ती प्रोसेसरपासून दुसऱ्या खाचेत बसते. अनेक बोर्डांवर प्रोसेसर, रॅम, ग्राफिक्स यांचे छोटे दिवे असतात. जो पेटून राहील, तिथे शोधा.

आता पाण्याकडे. पंपाची वायर बोर्डावर 'सीपीयू फॅन' किंवा 'पंप' लिहिलेल्या पिनांवर हवी. 'सीपीयू फॅन'च्या पिना रिकाम्या राहिल्या तर काही बोर्ड इशारा देऊन तिथेच अडतात. काही पंपांना पॉवर सप्लायची वेगळी केबलही लागते. पंपावर बोट ठेवलं तर बारीक थरथर जाणवते. संगणक सुरू होऊन थोड्याच वेळात बंद पडत असेल, तर पंप थांबलेला असेल किंवा तांब्याच्या पट्टीवरची प्लास्टिकची पारदर्शक फिल्म काढायची राहिली असेल. स्क्रू एकाच बाजूने जास्त आवळले तरी पट्टी नीट टेकत नाही. ते तिरपे समोरासमोर, थोडे थोडे आवळावेत.

गळतीची शंका आली तर प्लग काढून जोडांवर कोरडा टिश्यू फिरवा. ओला झाला तर वीज अजिबात देऊ नका. वॉरंटीवर कूलर बदलून घ्या. बंद कूलर उघडून भरू नये. स्वतः भरायची व्यवस्था असेल तर तिच्यासाठीचाच द्रव वापरा. आपल्याकडचं बोअरचं क्षारयुक्त पाणी आत थर धरतं. पहिल्यांदा भरताना बाकी भागांना वीज न देता फक्त पंप चालवून गळती तपासा.

तीन गोष्टी मात्र पक्क्या ध्यानात ठेवा. हात घालण्यापूर्वी प्लग काढायचा. पॉवर सप्लायचा डबा कधीच उघडायचा नाही; वीज बंद केल्यावरही त्यात धोकादायक भार शिल्लक असतो. आणि जुन्या घरात अर्थिंग आहे का, हे इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्यायचं.

एका वेळी एकच बदल करा आणि तो वहीत लिहा. तरीही जमलं नाही तर ती वही आणि बिलं घेऊन दुकानात जा; निम्मं काम झालेलं असेल.

पालकांना एवढंच सांगणं, की त्या वेळी मुलांना ओरडू नका. "चल बेटा, पहिल्यापासून पाहू," असं म्हणून बॅटरी धरून शेजारी बसा. चूक शांतपणे शोधायची सवय लागली, तर ती संगणकापेक्षा जास्त दिवस टिकेल.