सूर जुळविणाऱ्याचे कान

पियानोचे सूर जुळविणाऱ्या कारागिराचे कान उतारवयात मंद झाले, तर ‘धंद्याचा भोग’ म्हणून आपण मोकळे होतो. या बेपर्वाईला आमची हरकत आहे.

पियानोला ८८ पट्ट्या आणि सुमारे २३० तारा असतात. खुंटी पिळून तार सुरात आणली, एवढ्याने भागत नाही. ती पुन्हा ढळू नये म्हणून पट्टीवर जोरदार प्रहार करून तारेचा ताण सर्वत्र सारखा करावा लागतो. असे शेकडो प्रहार, आणि कान उघड्या तारांपासून हातभर अंतरावर! आठ तासांच्या कामास ८५ डेसिबेल ही मर्यादा तज्ज्ञ सुचवितात. दर ३ डेसिबेलांमागे वेळ निम्मा होतो, म्हणजे ९४ डेसिबेलांस अवघा एक तास. गोंगाटाचा घाव प्रथम ३००० ते ६००० हर्ट्झच्या टापूत बसतो, आणि पियानोचा सर्वांत वरचा स्वर आहे ४१८६ हर्ट्झचा. ज्या श्रवणशक्तीवर कारागिराची भाकरी, तीच आधी जाते. गेलेली परत येत नाही.

कोणी म्हणेल, आवाज हाच ज्याचा व्यवसाय, त्याने आवाजाची तक्रार का करावी? वाग्नेरच्या संगीतिकेच्या २०१२ मधील तालमीत कान गमावलेल्या व्हायोलावादकाविरुद्ध लंडनच्या रॉयल ऑपेरा हाउसने हाच युक्तिवाद केला. न्यायालयाने तो २०१८ मध्ये फेटाळला. २०१९ मध्ये अपील न्यायालयानेही संस्थेचे उत्तरदायित्व कायम ठेवले. कला ही कायद्यातून सुटण्याची पळवाट नव्हे.

आपल्याकडे गोंगाटजन्य बहिरेपणाला १९४८ च्या कारखाने कायद्याच्या परिशिष्टात स्थान होते. २०२० च्या संहितेतही आहे. परंतु बिदागीवर येणारा हा एकटा कारागीर कोणाचाच ‘कामगार’ ठरत नाही. ब्रिटनच्या २००५ च्या नियमांनी स्वतंत्र व्यावसायिकासही कक्षेत घेतले. आम्ही कारखान्याची भिंत पाहतो, माणसाचा कान पाहत नाही.

बोळे घालून सूर कसे लागणार, ही शंकाही लंगडी आहे. साधे बोळे वरचे स्वर अधिक दाबतात हे खरे. पण संगीतकारांसाठी घडविलेली बुचे सर्व स्वर जवळजवळ सारखेच उतरवितात.

पावसाळ्याच्या दमट हवेने वाद्य बिघडले की गोव्यातील घरांना आणि संगीतशाळांना याच कारागिराची आठवण होते. निदान संस्थांनी तरी अशा बुचांचा आणि वार्षिक श्रवणतपासणीचा खर्च उचलावा, एका दिवशी त्याच्यासमोर वाद्यांची रांग लावू नये, आणि तो काम करीत असता शेजारी दुसरा गोंगाट होऊ देऊ नये. हे औदार्य नव्हे. त्याच्या कानांवर ज्यांचे संगीत चालते, त्यांच्यावरील हे ऋण आहे.