हसू बिलात धरलेलं नाही

कॅरिबियनमध्ये सुट्टी घालवून आलेल्या आपल्या माणसाला 'कशी झाली ट्रिप?' एवढं विचारायचा अवकाश. समुद्राच्या निळ्या रंगाबद्दल दोन वाक्यं होतात आणि लगेच गाडी घसरते. "निसर्ग फर्स्टक्लास हो, पण सर्व्हिस म्हणाल तर शून्य! माणसं आळशी. दोन-दोनदा हाक मारावी लागते. चेहऱ्यावर हसू म्हणून नाही. आणि एवढे पैसे मोजून!" हे 'एवढे पैसे' म्हणताना आवाज असा चढतो, की जणू त्या रकमेत अख्खं बेटही आलं होतं आणि रिसॉर्टवाले ते द्यायचं विसरले.

हे रडगाणं मी अमेरिकेतल्या एडिसनच्या दिवाणखान्यांत ऐकलं आहे आणि कोथरूडच्या गच्च्यांवरही. माझी उमेदीची वर्षं मुंबईत हॉटेलच्या फ्रंट ऑफिसला गेली. पाहुण्यासमोर किती वाकायचं, किती हसायचं आणि अपमान गिळताना चेहरा कसा कोरा ठेवायचा, हे मला पगार देऊन शिकवलेलं आहे. त्यामुळे या तक्रारदारांना काय हवं असतं ते मी लांबून ओळखतो. चहा वेळेवर यावा, असं त्यांना वाटतं हे खरं. पण चहा आणणाऱ्याला तो आणायला मिळाल्याचा आनंद झालेला दिसावा, ही त्यांची खरी मागणी असते. ती जमैकात पुरी होत नाही. होऊही नये.

माझ्या भाचीचं लग्न जमैकातल्या मोंटेगो बेजवळच्या एका रिसॉर्टवर झालं. परदेशातल्या आपल्या लोकांत आता ही टूम आहे. वरात समुद्राच्या वाळूतून निघते आणि ढोल अमेरिकेतून येतो. दुसऱ्या दिवशी सकाळी नाश्त्याला ऑम्लेटच्या काउंटरवर रांग होती. काउंटरमागे पन्नाशीची एक बाई, डोक्यावर पांढरी टोपी, हातात पळी. वरपक्षाचे एक काका पुढे झाले आणि तव्याकडे बोट दाखवून म्हणाले, "टू एग्ज. नो बेकन. मोअर चिली."

बाईंनी पळी खाली ठेवली. "गुड मॉर्निंग, सर."

"येस, येस. टू एग्ज, मोअर चिली."

"गुड मॉर्निंग, सर."

आवाज तोच, पट्टी तीच. मागची रांग गप्प झाली. शेवटी काकांनी जुनी उधारी चुकती करावी तसं "मॉर्निंग" म्हटलं. त्याबरोबर बाई खुलल्या. दोन अंडी फोडली, मिरची बारीक चिरली आणि स्वतःहून बजावलं की ही स्कॉच बॉनेट आहे, जपून खा. ऑम्लेट झकास झालं. टेबलावर आल्यावर काका म्हणाले, "अ‍ॅटिट्यूड बघितलात या लोकांचा?" त्यावर काकू म्हणाल्या, "अहो, आधीच गुड मॉर्निंग म्हणाला असतात तर जीभ झिजली असती का?" संपूर्ण लग्नात याहून शहाणं वाक्य मी ऐकलं नाही.

जमैका असो, बार्बाडोस असो की त्रिनिदाद, दुकानात शिरताना, दवाखान्यात नंबर लावताना, मिनीबसमध्ये चढताना आधी अभिवादन करायचं आणि मग कामाचं बोलायचं, ही तिथली रीत आहे. ती पाळली नाही तर माणूस श्रीमंत की गरीब याचा विचार कोणी करत नाही. घरचं वळण नाही, एवढंच ठरतं. आपल्याकडे खेड्यात 'राम राम' न घालता थेट काम सांगणाऱ्या पाहुण्याबद्दल लोक काय बोलतात ते आठवा. काकांनी रीत मोडली, बाईंनी ती शिकवली आणि वर नाश्ताही करून घातला. इतकी चोख सर्व्हिस मला तरी कुठे मिळालेली नाही.

आता अमेरिकन पाहुण्याचं बघा. हसतमुख वेटर हा त्याला निसर्गनियम वाटतो. त्याच्या देशात टिपांवर जगणाऱ्या कामगाराला मालकाने द्यायची किमान रोख मजुरी केंद्रीय कायद्यानुसार तासाला २ डॉलर १३ सेंट आहे आणि १९९१ पासून तिथेच अडकली आहे. बरीच राज्यं जास्त ठरवतात, पण मूळ हिशेब हाच. दर पाच मिनिटांनी टेबलापाशी येऊन 'सगळं ठीक ना?' विचारणारी ती पोरगी घरभाडं जमवत असते. या लाचारीला हा माणूस मनमिळाऊपणा समजतो. मग तो अशा बेटावर येतो जिथे सेवाशुल्क बिलात लावलेलं असतं, किंवा सँडल्ससारख्या रिसॉर्ट-साखळीत, जिथे बटलर आणि स्पा सोडले तर टिप घ्यायलाच मनाई आहे. तिथे वेटर कामापुरतं बोलतो आणि हसू आलं तर हसतो. साहेबांना लगेच ते उद्धट वाटतं. इंग्रज पाहुण्याला वेटर फार बोललेला खपत नाही. जर्मन पहाटे टॉवेल टाकून खुर्ची अडवतो आणि ती कोणी उचलली की पंचनामा मागतो. आणि आपण? आपल्याला मेनूत नसलेलं हवं असतं, तेही कांदा-लसूण वगळून आणि रात्री साडेअकराला. या सगळ्यांच्या मनातलं एकाच शिफ्टमध्ये, एकाच माणसाने ओळखायचं.

खरी गोम मात्र रिसॉर्टच्या धंद्यात आहे. सगळं एकाच किमतीत, ही कल्पना १९५० साली मयोर्का बेटावरच्या अल्कुदियात सैन्याच्या जुन्या तंबूंत रुजली. जेरार ब्लिट्झ या बेल्जियन गृहस्थाने क्लब मेड काढला. तिथे कर्मचारी आणि पाहुणे एकाच टेबलावर जेवायचे. साहेब आणि नोकर ही भिंत सुट्टीपुरती तरी पडावी, असा बेत होता. १९८१ मध्ये बुच स्ट्युअर्ट यांनी मोंटेगो बेमध्ये सँडल्स सुरू केलं आणि या कल्पनेचं कॅरिबियनमध्ये साम्राज्य झालं. आज त्याच सँडल्सच्या महागड्या खोल्यांना बटलर मिळतो, इंग्लिश बटलरांच्या गिल्डच्या शिस्तीत तयार केलेला. भिंत पाडायला निघालेली कल्पना अशी थेट व्हिक्टोरियन हवेलीच्या मागच्या दारात येऊन उभी राहिली.

या धंद्यात हिशेब असा असतो. पाहुण्याने पैसे आधीच भरलेले असतात. आता त्याचा फायदा जास्तीत जास्त वसूल करण्यात आणि मालकाचा कमीत कमी खर्च करण्यात. अन्न आणि दारू एका मर्यादेपलीकडे कापता येत नाही, म्हणून कात्री माणसांवर चालते. तिघांच्या जागी दोघं, कायम नोकरीच्या जागी कंत्राट. जाहिरातीत मात्र 'तुम्ही फक्त इच्छा करा' असं छापलेलं. ते वचन देतो मार्केटिंगवाला आणि त्याबद्दल शिव्या खाते आठ टेबलं एकटीने सांभाळणारी पोर. मनगटावर रंगीत पट्टा बांधलेला पाहुणा तिच्यावर ओरडतो, कारण समोर तीच दिसते. ज्याच्यावर ओरडायला हवं तो भलत्याच देशात ताळेबंद बघत बसलेला असतो.

जमैकात कायद्याने ठरलेली किमान मजुरी १ जून २०२५ पासून चाळीस तासांच्या आठवड्याला १६,००० जमैकन डॉलर आहे, म्हणजे साधारण १०० अमेरिकी डॉलर. प्रत्येक हॉटेल कामगाराला एवढंच मिळतं असं नव्हे. ही तळाची रेघ आहे. पण एका रात्रीला पाचशे-सहाशे डॉलर मोजणाऱ्याने ती रेघ एकदा बघून ठेवावी. आणि समुद्र? १९५६ च्या बीच कंट्रोल अ‍ॅक्टखाली जमैकाच्या नागरिकाला किनाऱ्यावर जाण्याचा आणि पोहण्याचा सर्वसाधारण हक्कच नाही. म्हणजे तुमच्या खुर्चीशेजारी टॉवेल ठेवणाऱ्या मुलाला सुट्टीच्या दिवशी त्याच पाण्यात उतरायचं असेल, तर फाटकावर उत्तर द्यावं लागतं. असा मुलगा तुम्हाला पाहून उचंबळून का यावा, हे मला कोणीतरी समजावून सांगा.

इतिहास काढला की आपले लोक जांभया देतात. तरी काढतोच. ब्रिटिशांनी गुलामी मोडणारा कायदा १८३३ मध्ये केला, तेव्हा दोन कोटी पौंड भरपाई दिली. ती मिळाली गुलामांच्या मालकांना. गुलामांना मिळाली १८३८ पर्यंतची सक्तीची उमेदवारी. पुढे १९३८ मध्ये याच जमैकात फ्रोमच्या साखर कारखान्यापासून बंदरापर्यंत कामगार उठले. त्या उठावातून कामगार संघटना झाल्या, संघटनांच्या आधाराने पक्ष वाढले आणि १९६२ साली देश स्वतंत्र झाला तेव्हा पहिला पंतप्रधान झाला अलेक्झांडर बुस्टामांटे, एक कामगार पुढारी. सत्तरच्या दशकात मायकेल मॅनली यांच्या सरकारच्या काळात पर्यटन खात्याने परदेशात जाहिरात केली, की आम्ही नुसता समुद्रकिनारा नाही, आम्ही एक देश आहोत. १९८० मध्ये सरकार बदललं आणि पाठोपाठ नवी मोहीम आली: परत या, पूर्वी होतं तशा जमैकात. पूर्वी म्हणजे केव्हा, हे विचारायचं नसतं. ते गिऱ्हाइकाला बरोबर कळतं.

अशा देशातला कामगार मुजरा करत नाही. २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये तिथल्या काही मोठ्या हॉटेलांत कामगार पगार आणि वागणुकीच्या मुद्द्यांवर काम थांबवून बाहेर उभे राहिले. आपल्या तक्रारदारांना याचा पत्ताही नसेल. त्या आठवड्यात बफेत पास्ता थंड होता, एवढं मात्र त्यांच्या पक्कं लक्षात असेल.

याच तक्रारदारांना क्रूझवर मात्र सर्व्हिस फार आवडते. "गोव्याची पोरं आहेत हो, काय अदब!" असतेच अदब. सासष्टीचा किंवा बार्देशचा तो मुलगा सहा-आठ महिन्यांच्या करारावर असतो, आठवड्याचे सातही दिवस काम करतो. आंतरराष्ट्रीय सागरी श्रम करारातली कमाल मर्यादाच दिवसाला चौदा आणि आठवड्याला बहात्तर तासांची आहे. पाहुण्याने चार ओळी वाईट लिहिल्या तर पुढचा करार धोक्यात. मडगावला घराचं कर्ज. तो हसणार नाही तर काय करणार? मोंटेगो बेचा वेटर संध्याकाळी स्वतःच्या घरी जातो, स्वतःच्या देशात मत देतो. ज्याला सोडून जाता येत नाही त्याची सर्व्हिस आपल्याला उत्तम वाटते आणि ज्याला मान वर करता येते त्याची खराब, तर मग आपण मोजतोय काय? मी सांगतो: आपण भीती मोजतोय आणि तिला तारे देतोय.

सगळ्यांत विनोदी मंडळी आपली. एडिसनमध्ये हाच गृहस्थ शनिवारी व्हॅक्यूम फिरवतो, भांडी डिशवॉशरला लावतो, बर्फ स्वतः उपसतो, आणि दुकानातल्या गोऱ्या पोराला दहा वेळा 'थँक यू' म्हणतो. विमान मोंटेगो बेला उतरलं की त्याच्या अंगात इनामदार संचारतो. चुटक्या वाजतात, 'हॅलो, हॅलो' सुरू होतं. हाच माणूस १९७१ च्या वेस्ट इंडीज दौऱ्यातल्या गावसकरांच्या ७७४ धावा तोंडपाठ सांगतो. १९७६ ला सबिना पार्कवर होल्डिंगने आपल्या फलंदाजांची कशी गाळण उडवली, ते आदराने थरथरत सांगतो. वेस्ट इंडियन माणूस अंगावर चेंडू टाकत धावून आला तर तो थोर. ट्रे घेऊन सावकाश चालत आला की आळशी. गोऱ्या मळेवाल्यांनी याच लोकांना हाच शब्द लावला होता आणि आपल्या आजोबांनाही गोरे साहेब हाच शब्द लावत. तो उचलून आपण पुढच्या माणसाला देतो आणि त्याला चोखंदळपणा म्हणतो.

तक्रार करूच नये, असं माझं म्हणणं नाही. नळाला गरम पाणी नसेल, खोली कबूल केल्यापेक्षा लहान असेल, शाकाहारी जेवणाचं लेखी आश्वासन देऊन पानात नुसती काकडी वाढली असेल, तर मॅनेजरला धरा, पैसे परत मागा, सोडू नका. कबूल केलेली वस्तू मिळालीच पाहिजे. सफाईला उशीर झाला तर एका माणसाकडे किती खोल्या दिल्यात, हे मालकाला विचारा. पाहुण्यांनी हा प्रश्न लेखी विचारायला लागावं, याची तो सगळ्यांत जास्त धास्ती घेईल. फक्त माणसाच्या चेहऱ्याची तक्रार करू नका. तो तुम्ही भाड्याने घेतलेला नाही.

तेव्हा पुढच्या खेपेला आधी गुड मॉर्निंग म्हणा, मग नळाचं सांगा. नळ दुरुस्त होईल. आणि एवढे पैसे मोजून हसूच बघायचं असेल, तर बाथरूममध्ये मोठा आरसा आहे. तो बिलात धरलेला आहे.