भिंतीमागचं पाणी

भिंत कोसळली, इतके ठार. दर पावसाळ्यात ही बातमी येते आणि तिच्यात आरोपी एकच असतो. पाऊस. पावसाला समन्स जात नाही, पावसाची बदली होत नाही, पावसाचं टेंडर कुणी रद्द करत नाही. सगळ्यांच्या सोयीचा आरोपी सापडलाय यांना.

२ जुलै २०१९. मालाड पूर्व, पिंपरीपाडा, आंबेडकरनगर. मध्यरात्र नुकती उलटलेली. महापालिकेच्या जलाशयाच्या आवाराची भिंत डोंगरउतारावर उभी होती. तिच्यामागे पाणी तुंबलं, भिंत गेली आणि पाण्याचा लोंढा झोपेतल्या झोपड्यांवरून गेला. ३१ माणसं मेली. त्या चोवीस तासांत सांताक्रूझला ३७५ मिलिमीटर पाऊस झाला होता. तीनच दिवस आधी, २९ जूनला, पुण्याच्या कोंढव्यात सोसायटीची भिंत बांधकाम मजुरांच्या पत्र्याच्या खोल्यांवर पडली. १५ मेले, बहुतेक बिहारचे. १८ जुलै २०२१ ला चेंबूरच्या माहूलला, भारतनगरात, पुन्हा तेच.

आंबेडकरनगर. भारतनगर. एका वस्तीला बाबासाहेबांचं नाव, दुसरीला देशाचं. दोन्ही भिंतीच्या खालच्या अंगाला. वरच्या अंगाला कोण आणि खालच्या अंगाला कोण, हे या देशात भिंत बांधायच्या आधीच ठरलेलं असतं.

दोस्तहो, रडून झालं, मेणबत्त्या लावून झाल्या. आता गणित करू. पाऊस भिंत पाडत नाही. भिंतीमागं अडवून ठेवलेलं पाणी भिंत पाडतं. ते पाणी किती जोर लावेल, हे कागदावर काढता येतं. माती भिंतीला किती ढकलते याचं गणित फ्रान्सच्या कुलोंबनं १७७६ साली छापलं, स्कॉटलंडच्या रँकिननं १८५७ साली ते सोपं केलं. म्हणजे हे ज्ञान जुनं आहे, फुकट आहे. आणि ते मॅट्रिकवाल्याच्या डोक्यात बसतं. बसवूनच दाखवतो.

पाच मीटर उंचीची दगडी भिंत घ्या. वर पाऊण मीटरला थोडी कमी, म्हणजे ०.७ मीटर जाड, पायाला अडीच मीटर. मातीकडची बाजू उभी, वस्तीकडची बाजू तिरकी. एक मीटर लांबीच्या तुकड्याचं वजन भरतं १९ टन. मागं कोरडी, चांगला निचरा होणारी मुरुमासारखी माती. ती या तुकड्याला ढकलते साडेसात टनांनी, आणि हा जोर जणू तळापासून एक तृतीयांश उंचीवर लागतो.

आता तीन प्रश्न विचारायचे.

पहिला : भिंत घसरेल का? तळाचं घर्षण तिला धरून ठेवतं. वजनाच्या सहा दशांश धरा. साडेअकरा टन. ढकलणारा जोर साडेसात. दीडपट. पास.

दुसरा : भिंत उलटेल का? गोदीत गोण्यांची थप्पी लावणाऱ्याला हे शिकवावं लागत नाही. थप्पी तळाला रुंद, वर निमुळती. सरळसोट लावली की धक्क्यासरशी तोंडावर येते. भिंतही पुढच्या पायाच्या कडेवरूनच उलटते. उलटवायला साडेबारा टन-मीटर, रोखायला एकतीस. जवळजवळ अडीचपट. पास.

तिसरा : पायाखालची जमीन हे सहन करेल का? पुढच्या कडेखाली दर चौरस मीटरला तेरा टन येतात. घट्ट मुरूम ते पेलतो. भरावाची भुसभुशीत माती पेलत नाही. म्हणून पाया कशावर आहे, हे खोदून बघायचं. फाईल बघून कळत नाही.

तिन्ही पास. इंजिनिअरची सही, साहेबांचा शिक्का, कंत्राटदाराचं बिल. आता त्याच भिंतीमागं पाणी वरपर्यंत भरू द्या. मातीचा जोर थोडा कमी होतो, कारण ती पाण्यात हलकी होते. पण पाणी स्वतः साडेबारा टनांनी ढकलायला लागतं. एकूण होतात पावणेसतरा टन. साडेसातचे पावणेसतरा! शिवाय पाणी भिंतीच्या तळाखाली शिरून तिला खालून उचलतं. घर्षण कमी पडतं, घसरण्याचं उत्तर एकाच्या निम्म्यावर येतं, उलटण्याचंही एकाच्या खाली. एकाच्या खाली म्हणजे काय ते सांगायला इंजिनिअर लागत नाही. एकाच्या खाली म्हणजे आंबेडकरनगर.

भिंत तीच. दगड तेच. फरक फक्त पाण्याला वाट होती की नव्हती, एवढाच. वाट म्हणजे भिंतीत ठराविक अंतरावर आरपार भोकं, त्यांच्यामागं आधी मोठे दगड, मग खडी, मग वाळू, म्हणजे पाणी निघेल आणि माती अडेल. आणि भिंतीच्या वर एक गटार, डोंगराचं पाणी भिंतीमागं येण्याआधीच बाजूला नेणारं. अख्ख्या भिंतीच्या खर्चात हा खर्च किरकोळ. पण खडी भिंतीमागं असते, दिसत नाही. जे दिसत नाही ते खाता येतं. पुढून पाइपाची तोंडं ओळीनं दिसतात, मागं चिखल भरलेला. पाहणी करणारा पुढूनच बघून जातो. सिमेंट काँक्रीटची भिंत असेल तर आकडे वेगळे येतील, तिच्या पायावर मागची मातीच वजन म्हणून बसते. प्रश्न तेच तीन. आणि पाणी त्या भिंतीलाही सोडत नाही.

कुणी म्हणेल, एवढा हिशेब कोण करतो? करतात, साहेब. आम्ही ज्या धक्क्यावर राबतो तो धक्कासुद्धा माती अडवणारी भिंतच आहे. मुंबईत प्रिन्सेस डॉक १८८० साली उघडला. १९१४ सालचा अलेक्झांड्रा डॉक, आजची इंदिरा गोदी, अजून जहाजं घेते. धक्क्यामागं भराव, वर क्रेन, गाड्या, मालाचे ढीग. बंदरात ओहोटीला पुढचं पाणी उतरतं, भिंतीमागचं पाणी तसंच थांबतं आणि भिंतीला समुद्राकडे ढकलतं. बांधणाऱ्यांना हे ठाऊक होतं. त्यांनी हिशेब केला, कारण भिंतीच्या भरवशावर सायबाचा कापूस आणि सायबाचं जहाज होतं. आंबेडकरनगरच्या भिंतीच्या भरवशावर काय होतं? माणसं. नुसती माणसं. मालाची किंमत बिलावर लिहिलेली असते. आमची किंमत मेल्यावर जाहीर होते, अमुक लाख.

आणि हे ज्ञान फक्त सायबाचं आहे असंही समजू नका. मुरबाड तालुक्यात धसईला या. समोर सह्याद्री उभा, गोरखगडाचे सुळके. उतारावर भाताची खाचरं, आणि खाचरांना रचून घातलेले दगडी बांध. चुना नाही, सिमेंट नाही. दगडावर दगड, जरा आत कललेला, सांध्यासांध्यांतून पाणी झिरपतंय. कोकणातला पाऊस झेलत हे बांध उभे राहतात, कारण ते पाणी अडवून धरत नाहीत, सोडतात. ढासळला तर चार दगड ढासळतात, दुसऱ्या दिवशी परत रचतात. हे रचणाऱ्यांत कुणी कुलोंब वाचला नव्हता. वडाराच्या, कातकऱ्याच्या, महाराच्या हातांत हे गणित होतं. त्यांच्या पोरांना शहरात कंत्राटदारानं घमेलं दिलं, डोकं मात्र विचारलं नाही. साइटवरचा वडार म्हणाला, "सायेब, पाणी कुठनं जानार?" तर उत्तर येतं, "तू दगड लाव."

एक गोष्ट आमच्या पोरांनीही नीट ध्यानात ठेवावी. जिथं डोंगरच सरकतो तिथं भिंत ही थाप आहे. ३० जुलै २०१४ ला माळीण गेलं, दीडशेहून जास्त माणसं गेली. असा उतार भिंत, पाया, घर सगळं बरोबर घेऊन खाली येतो. म्हणून चौथा प्रश्न : अख्खा उतार स्थिर आहे का? नसेल, तर भिंतीचं भूमिपूजन नको, सुरक्षित जागेवर पक्कं घर पाहिजे. निवडणूक आली की नगरसेवक भिंत देतो, कारण भिंतीवर नाव रंगवता येतं. पुनर्वसनावर नाव रंगवायला वीस वर्षं लागतात.

वीस काय, जास्तच. बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानाच्या वनजमिनीवरल्या झोपडीवाल्यांचा निकाल मुंबई हायकोर्टानं १९९७ साली दिला. जे पात्र त्यांना दुसरीकडे घर द्या. माणशी सात हजार रुपये भरून घेतले. पैसे भरले त्यातले कितीतरी लोक तिथंच राहिले, कारण घर मिळालं नाही. १९९७ ते २०१९, बावीस वर्षं. बावीस वर्षं सरकारनं पाणी अडवावं तशी माणसं अडवून ठेवली. मग भिंत फुटल्यावर विचारतात, तुम्ही तिथं राहिलातच कशाला?

तेव्हा मागणी भीक म्हणून करायची नाही. प्रत्येक वस्तीवरच्या प्रत्येक भिंतीचा हिशेब भिंतीवर मराठीत रंगवा : उंची किती, पाया कशावर, निचरा कसा, कुणी तपासली, कधी तपासली. माहितीचा अधिकार २००५ पासून आहे. नकाशा मागा, तपासणीचा अहवाल मागा. मे महिन्यात, पाऊस यायच्या आधी, वस्तीतली चार पोरं जाऊन भोकं मोजा. किती उघडी, किती बुजलेली, फोटो काढा, वॉर्ड ऑफिसात पोचपावती घेऊन द्या. पहिल्या जोरदार पावसात परत जा. पाऊस धो धो पडतोय आणि भोकं कोरडी आहेत, तर समजा पाणी मागं साठतंय. भिंतीला आडवी भेग दिसली, भिंत फुगलेली किंवा पुढं कललेली दिसली, तर अर्ज नंतर लिहा. आधी म्हातारी माणसं आणि पोरं तिथून हलवा.

आणि हे गणित शिका. आपल्या अभ्यासिकेत, बुद्धविहारात, फळ्यावर खडूनं. बाबासाहेबांनी शिका म्हटलं ते फक्त नोकरीसाठी नव्हतं. ज्याला हिशेब येतो त्याला पाऊस आरोपी आहे असं सांगून घरी पाठवता येत नाही.

शेवटी एवढंच. या समाजानंही एक भिंत बांधली आहे. हजारो वर्षं तिच्यामागं आपल्याला अडवून ठेवलं आणि तिला एक भोकसुद्धा ठेवलं नाही. त्या भिंतीचा हिशेब कुणी केलेला दिसत नाही. पाणी मात्र वरपर्यंत आलं आहे.

जयभीम.