नामांतर आणि पडताळ्याचा निकष
तार्किक प्रत्यक्षार्थवादाने अनुभवाचा पडताळा हाच अर्थाचा निकष मानला. एयर यांच्या १९३६ मधील ग्रंथात मूल्यविधाने केवळ भावनोद्गार ठरतात. या मताची मर्यादा औरंगाबादेतील (आजचे छत्रपती संभाजीनगर) नामांतराच्या लढ्याने दाखविली. मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव देण्याचा ठराव विधिमंडळाने १९७८ मध्ये केला. नामविस्तार १४ जानेवारी १९९४ रोजी झाला. दरम्यान दलितांची घरे जळाली, माणसे मारली गेली. नावाने निर्दिष्ट होणारी संस्था मात्र तीच राहिली. 'हे नाव द्यावे' ही पडताळण्याजोगी वस्तुस्थिती नव्हे. ती न्यायाची मागणी आहे. तिच्या समर्थनार्थ कारणे देता येतात, ती खोडताही येतात. म्हणूनच ती निव्वळ उद्गार नव्हे. दलित साहित्याच्या समीक्षेनेही अनुभवाची सत्यता तपासून थांबू नये. त्यातील मागणीचा युक्तिवाद तपासावा.