आधी मुलाला विचारा!

दिवाळीच्या फराळात हा खडा कशाला, असे वाचक म्हणतील. पण आमच्या जानेफळात दिवाळीच्या सुमारास कापूस वेचणीला येतो आणि वर्गातली पोरे शेतात जातात. मुलांचेही काही हक्क असतात, असे मी एका पालकांना म्हटले. ते हसून म्हणाले, "गुर्जी, पोरायले हक्क शिकवसान, त मंग कापूस कोन येचीन?"

म्हणून मी मुलांनाच विचारले, "तुमचा हक्क कोणता, ते लिहा." कोणाला खेळायला वेळ हवा होता. कोणी लिहिले, माझे मार्क पाहुण्यांपुढे सांगू नयेत. एका मुलीने लिहिले, धाकट्याला सांभाळीन, पण परीक्षेच्या दिवशी नको. 'काम करणार नाही' असे एकानेही लिहिले नाही! एकाने एवढेच लिहिले होते : "माझी शेळी मला न विचारता विकली."

मी चौकशी केली. त्या पैशांतून त्याच मुलाला दिवाळीचे कपडे आणि वह्या आल्या होत्या. बाप म्हणतो, मी माझे कर्तव्य केले. मुलगा म्हणतो, मला विचारले नाही. दोघेही खरेच बोलतात. आपण मोठी माणसे हक्क म्हणजे देणे समजतो. मुले हक्क म्हणजे विचारणे समजतात.

यावर ठरलेले उत्तर तयार असते : हे पाश्चात्त्यांचे खूळ आहे, आपल्याकडे मुलांना कर्तव्य शिकवतात. ठीक आहे. आफ्रिकेतील राष्ट्रांनी १९९० साली मुलांच्या हक्कांची स्वतःची सनद केली. तीत आईवडिलांचा मान राखणे हे मुलाचे कर्तव्य म्हणून स्पष्ट लिहिले आहे. आणि त्याच सनदेत मुलाचे म्हणणे ऐकून घ्यावे, असेही लिहिले आहे! संयुक्त राष्ट्रांचा १९८९ चा बालहक्क करारही तेच सांगतो, आणि १९९२ साली भारताने तो मान्य केला आहे. आणि आपल्या कोसबाडला ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनी काय केले? गुरे राखणारी मुले शाळेत येईनात, तेव्हा त्यांनी शाळाच कुरणात नेली. हे कोणत्या परदेशाचे खूळ?

मी स्वतःला वगळत नाही. शिक्षणहक्काच्या २००९ च्या कायद्याने मास्तरांची छडी बंद केली आणि मानसिक छळही बंद केला. छडी मी टाकली. पण "गप्प बस, तुला काय कळते?" हे वाक्य अजून तोंडातून जात नाही.

विचारणे म्हणजे मुलाचे प्रत्येक म्हणणे मान्य करणे नव्हे. गरज असेल तर शेळी विकावीच लागेल. पण विकण्याआधी त्याला गोठ्यात जवळ बसवा, अडचण सांगा, त्याचे ऐका. तो रडेल, कदाचित दुसरा उपायही सुचवील. एवढा वेळही ज्या घरात नाही, त्या घराने संस्कृतीच्या गप्पा मारू नयेत!